मित्रकीटकांची गंधभाषा

(शिक्षक, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



उसावरील खोडकिडीच्या व कपाशीवरील बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी वापरले जाणारे ट्रायकोकार्ड आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यातून बाहेर पडणारी ट्रायकोग्रामा ही परोपजीवी गांधीलमाशी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची असते. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि त्यातून अळीऐवजी गांधीलमाशीच जन्मास येते. हे काम फक्त मादीच करते.

या संदर्भात एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अशा गांधीलमाश्यांच्या बहुतेक जातींत फलन झालेल्या अंड्यातून मादी, तर फलन न झालेल्या अंड्यातून नर निपजतो. मीलन न झालेली मादीही अंडी घालते; मात्र तिची सारी संतती नरच असते. म्हणजे पुढील पिढीत कीड रोखणाऱ्या माद्या किती असतील, हे नर-मादीच्या भेटीवर अवलंबून असते. ही भेट मुख्यत्वे गंधाच्या द्वारे घडते.

नराचा गंध, मादीचा कौल

या विषयाचा सर्वांत सखोल अभ्यास नासोनिया व्हिट्रिपेनिस या जातीवर झाला आहे. ही सुमारे दोन मिलिमीटरची गांधीलमाशी माश्यांच्या कोषात अंडी घालते. शेतातील कामगंध सापळ्यांत आपण मादी पतंगाचा गंध वापरून नरास भुलवितो. येथे क्रम उलटा आहे. नासोनियाचा नर पोटाचे टोक जमिनीवर टेकवीत जातो आणि गंधाचे ठिपके सोडतो. त्या वासाच्या मागाने मीलन न झालेली मादी येते.

भेट झाल्यावर नर मादीच्या पाठीवर चढतो, पुढचे पाय तिच्या डोक्यावर ठेवतो आणि ठराविक लयीत मान हलवू लागतो. मान हलविताना त्याच्या मुखावाटे दुसरा गंध सुटतो. मादीस तो मानवला, तर ती आपल्या मिशा खाली झुकवून संमती दर्शविते. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञ यान फान देन आसेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नराचे मुख डिंकासारख्या पदार्थाने बंद केले. नर मान हलवीत राहिला, पण मादीने संमती दिली नाही. केवळ हालचाल पुरेशी नाही, हे त्यावरून दिसून आले. पुढे २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखविले की, हा मुखगंध मिळाल्यावर मादी नराच्या पहिल्या गंधाकडे आकृष्ट होत नाही. तिचे लक्ष आता अंडी घालण्यासाठी योग्य कोष शोधण्याकडे वळते.

मरण टळले तरी हानी

ही भाषा किती नाजूक आहे, याचा प्रत्यय २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आला. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची, जीव न घेणारी अल्प मात्रा नासोनियास देण्यात आली. गांधीलमाश्या जिवंत राहिल्या. परंतु माद्यांना नराच्या गंधाची ओढ उरली नाही, मीलनाचे प्रमाण घटले आणि भक्ष्य शोधण्याची क्षमताही मंदावली. हा प्रयोग एका जातीवरील आहे, तो प्रत्येक जातीस जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि फवारणीनंतर मित्रकीटक मेलेले दिसले नाहीत, म्हणून ते सुरक्षित आहेत, असे मानणे योग्य नव्हे, हा बोध त्यातून निश्चित मिळतो.

आपले कर्तव्य

ट्रायकोकार्ड लावण्याच्या सुमारास फवारणी टाळावी, ती किती दिवस टाळावी हे कृषी अधिकाऱ्यांना विचारून ठरवावे, आणि कार्डाच्या पट्ट्या थंड वेळी पानाच्या खालच्या बाजूस लावाव्यात. परंतु एकट्या शेतकऱ्याने एवढे पथ्य पाळून भागत नाही. शेजारच्या शेतातील फवारा वाऱ्याबरोबर बांध ओलांडतो. म्हणून कार्डे लावण्याचे दिवस ग्रामसभेत ठरवून सर्वांना आगाऊ कळवावेत. शिक्षकांनी परोपजीवीग्रस्त, काळी पडलेली अंडी विद्यार्थ्यांना भिंगातून दाखवावीत.

औषधाचा खर्च आपण हिशेबात धरतो. या इवल्या जिवांची विनामूल्य सेवाही आपल्या हिशेबात यावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.