कागदी पेल्याची जन्मकथा

आपण चहा पिऊन चुरगाळून टाकतो तो कागदी पेला मुळात चहासाठी जन्मलाच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील आगगाड्यांत आणि शाळांत पिण्याच्या पाण्याजवळ सर्वांसाठी मिळून एकच पत्र्याचा पेला असे. क्षयाचा रोगी आणि लहान मूल त्यालाच तोंड लावी. १९०७ च्या सुमारास बोस्टनचे वकील लॉरेन्स ल्युएलेन यांनी यावर कागदी पेल्याची तोड काढली. यंत्रात एक सेंट टाकावा, पेलाभर गार पाणी घ्यावे, अशी योजना होती. विकायचे होते पाणी. पेला हे त्याचे नुसते वेष्टन! परंतु शेजारी फुकट पाणी असताना पैसे कोण देणार?

धंद्याला हात दिला तो कायद्याने. ॲल्विन डेव्हिसन या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९०८ मध्ये शाळांतील सामायिक पेल्यांवरचे जंतू लोकांपुढे मांडले. १९०९ मध्ये कॅन्सस राज्याने आरोग्याधिकारी सॅम्युएल क्रंबाइन यांच्या आग्रहाने असा पेला बंद केला. मागोमाग इतर राज्ये आली. कागदी पेला ‘हेल्थ कप’ या नावाने विकला जाऊ लागला. १९१९ मध्ये एका बाहुल्यांच्या कंपनीवरून त्याचे नाव ‘डिक्सी’ झाले. आरोग्य गेले, बाहुली आली!

बंदी योग्यच होती, हे मी निःसंकोच सांगतो. पण तिच्यावर उपाय एकच नव्हता. ओठ न लावता पिता येईल अशी पाण्याची कारंजी त्याच सुमारास शाळांतून बसू लागली होती. मात्र कारंजे एकदाच विकता येते, पेला रोज विकता येतो. भांडी धुणाऱ्याची मजुरी मालकाची वाचली. कचरा तेवढा सार्वजनिक मालकीचा झाला.

आपल्याकडे या कथेला आणखी एक पदर आहे. बाबा आढावांनी १९७२ मध्ये ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ उभारली, त्या काळी खेड्यातील हॉटेलांत दलितांची कपबशी वेगळी असे. फेकायचा पेला आला आणि ती कपबशी फळीवरून दिसेनाशी झाली. हे चांगलेच झाले. परंतु दुसऱ्याचे उष्टे न विसळण्याचा सोवळा हट्टही त्याच पेल्याने झाकला. मालक स्वच्छता पाळतो की विटाळ, हे आता ओळखावे कसे?

या पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. म्हणून तो रद्दीत जात नाही, भंगारात त्याला मोल नाही. पुण्यात १९९३ मध्ये ज्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्या कचरावेचक भगिनींच्या हाती तो चिकट आणि बिनकिमतीचा येतो. त्यांच्या वेचणीची मजुरी पेल्याच्या किमतीत धरून उत्पादकाकडून वसूल करावी, असा अर्ज आपण शासनाकडे पाठवीत आहोत. मसुदा दाराशी ठेवला आहे. जाताना सह्या कराव्यात.