रक्त चढविण्याचे यंत्र आणि तांबड्या पेशी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने विषय विचारला तेव्हा मी रुग्णालयातील एका यंत्राचे नाव घेतले, आणि काहींना हसू आले. त्याचे कारण असे. माझ्या पुतण्याच्या मुलीला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी खुलताबादेहून दौलताबादचा घाट उतरून तिला शहरात रक्तासाठी न्यावे लागते. सोबतीस बहुधा मीच असतो. सेवानिवृत्त मास्तराला वेळेचा तोटा नाही.

एकदा तिच्या खाटेशी यंत्र आणून ठेवले. ते नळी दाबीत दाबीत रक्त पुढे ढकलीत होते. वहिनी घाबरून म्हणाल्या, "भाऊजी, हा तर उसाचा चरक! रक्ताचा चोथा व्हायचा!" मला उत्तर देता येईना. परिचारिकेस विचारले, घरी येऊन वाचले.

तांबडी पेशी मोठी लवचीक असते. एका मिलिमीटरचे हजार भाग कल्पिले, तर त्यांतील सात-आठ भाग एवढी तिची रुंदी. तरी त्याहून अरुंद केशवाहिनीतून ती अंग मुडपून पार होते. शरीरात ती सुमारे 120 दिवस जगते. परंतु पिशवीत, 2 ते 6 अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात, ती दिवसेंदिवस ताठर होत जाते. आपल्याकडील सीताफळाचेच पाहा. झाडावरचे हाताळले तरी काही होत नाही, पिकून चार दिवस झालेले मात्र बोट लागताच फुटते. म्हणूनच पिशवीला 35 किंवा 42 दिवसांची मुदत असते.

पेशी फुटली की आतील हिमोग्लोबिन व पोटॅशियम बाहेर पडते. पहिल्याचा भार मूत्रपिंडावर, दुसऱ्याचा हृदयावर. तान्ह्या बाळास धोका अधिक. शिवाय फुटलेली पेशी प्राणवायू वाहण्याच्या कामी येत नाही, तिच्यातील लोह मात्र शरीरातच राहते. एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह येते, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना ते काढण्यासाठी निराळे औषध घ्यावे लागते.

मग यंत्र वाईट काय? तसे नव्हे. चरकापेक्षा गाईच्या धारेची उपमा बरी, बोटे एकामागून एक मिटतात तशी. रक्तासाठी म्हणून तपासून मान्य केलेल्या यंत्राने होणारी फूट सहसा अत्यल्प असते, आणि बाळाला थेंबाथेंबाने मोजून रक्त द्यायचे तर यंत्रासारखे साधन नाही. परंतु सलाइनसाठी केलेले प्रत्येक यंत्र रक्ताला चालतेच असे नाही. बारीक सुई, जादा वेग आणि जुने रक्त एकत्र आले की हानी वाढते.

खरा चरक मी निराळ्याच ठिकाणी पाहिला. संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून आमच्याच एका नातलगाने पिशवी हातांनी पिळावयास आरंभ केला! परिचारिकेने त्यांना चांगलेच खडसावले, आणि मला, खरे सांगतो, बरे वाटले. शीतपेटीतून काढल्यापासून 4 तासांच्या आत रक्त संपवावे हा नियम आहे. पण गती ठरविणे डॉक्टरांचे काम, एस.टी.च्या वेळापत्रकाचे नव्हे.

आता आम्ही पहाटेच्या गाडीने निघतो. पिशवी टांगण्यापूर्वी वहिनी चष्मा लावून तीवरील तारीख वाचतात, आणि यंत्र आणले तर स्वतःच विचारतात, "बाई, हे रक्ताचंच ना?"