कुलूप दिसत नाही, पण असतं

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काय शिकलो ते वाचनालयात आणि पाळीवरून आल्यावर कंदिलाच्या उजेडात. तेव्हा मोठं भाषण आम्हाला जमणार नाही. एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती तेवढी तुमच्यापुढे ठेवतो.

आपलं शनिशिंगणापूर बिनदाराच्या घरांचं गाव म्हणून जगाला माहीत आहे. २०११ साली युको बँकेने इथे शाखा काढली, तेव्हा 'बिनकुलपाची बँक' म्हणून सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. पण त्या काचेच्या दाराला रिमोटवर चालणारं, सहज नजरेस न पडणारं लॉक बसवलं होतं. कुलूप दिसत नाही, पण असतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आपल्याच वस्तीतल्या एका मुलीची एका आंतरराष्ट्रीय संस्थेत इंटर्नशिपसाठी निवड झाली. इंटर्नशिप म्हणजे आपल्या गिरणीच्या भाषेत उमेदवारी. विषय होता डिजिटल विकास. आम्ही इथंच, या विहारात तिचा सत्कार केला. शाल दिली, हार घातला, फोटो काढले. आठ दिवसांनी रात्री तिचे वडील आमच्या दारात आले. म्हणाले, "दादा, पगार काहीच नाही. विमान, व्हिसा, चार महिन्यांची खोली, सगळं आपलं आपण बघायचं. हारावर घरभाडं भागतंय का?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. पोरगी गेली नाही. बंधूंनो, सत्कार करताना खर्चाचं विचारायचं आम्हालाच सुचलं नाही, ही चूक आमची.

मग आम्ही माहिती काढायला लागलो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयात इंटर्नशिप साधारण दोन ते सहा महिन्यांची असते आणि ती बिनपगारी असते. जात-धर्म-देश बघून कोणाचा अर्ज अडवत नाहीत. दाराला कुलूप नाही! पण न्यूयॉर्क-जिनिव्हात स्वतःच्या पैशानं राहायची ऐपत कोणाच्या पोराची? २०१५ साली न्यूझीलंडचा २२ वर्षांचा एक बिनपगारी इंटर्न जिनिव्हाच्या तळ्याकाठी तंबूत राहतो, ही बातमी जगभर गाजली होती. श्रीमंत देशाच्या पोराची ही गत, तर ऊसतोड्याच्या पोरीचं काय? आपल्या देशात १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवाराला त्या कायद्यानं विद्यावेतन द्यावंच लागतं. जगाला समतेचे धडे देणाऱ्यांनी हा साधा धडा आपल्याकडून घ्यायला हरकत नाही.

कोणी म्हणेल, एवढं काय असतं त्या डिजिटल विकासात? सांगतो. २०२४ सालच्या अंदाजाप्रमाणे जगातले सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटच्या बाहेर होते. त्यांच्यासाठी रेशन, दवाखाना, पैसे यांची कामं मोबाईलवर कशी आणायची, हे ठरवणाऱ्या कचेऱ्या आहेत. स्वस्त फोनवर ते चालतं का, आपल्या भाषेत आहे का, बाईच्या हातात फोन आहे का, हे बघायचं. त्यांच्याच तत्त्वांत एक असं आहे की, ज्यांच्यासाठी बनवायचं त्यांना सोबत घेऊन बनवा. मग ज्यांच्या घरात अंगठा उमटत नाही म्हणून रेशन अडतं, त्यांची पोरं त्या टेबलाशी नकोत काय?

२०२५ साली आपल्याच देवस्थानाच्या नावानं बनावट अ‍ॅप काढून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळल्याचं प्रकरण निघालं, विधानसभेपर्यंत गेलं. घराला दार नसलं तरी चालेल, फोनला मात्र लागतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्या दिवसांत तीच मुलगी याच विहारात बसून आपल्या आया-बहिणींना ओटीपी कोणाला सांगू नका, हे शिकवत होती. डिजिटल विकास याहून वेगळा काय असतो?

बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत संपली तेव्हा १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. नोकरी करून, पैसे साठवून, मित्राचे उसने घेऊन, शाहू महाराजांच्या मदतीनं ते १९२० साली पुन्हा गेले. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही भाड्याचा प्रश्न सुटला नव्हता!

म्हणून मुलांनो, अर्ज करण्याआधी विद्यावेतन किती, हे विचारा. त्यात लाज कसली? आंतरराष्ट्रीय कामगार संघटना इंटर्नला विद्यावेतन देते, जागतिक आरोग्य संघटनाही २०२० पासून देते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची कार्यालयं दिल्लीत आहेत, युनिसेफचं मुंबईतही आहे. तिथंही चौकशी करा. संयुक्त राष्ट्रांचं ऑनलाइन स्वयंसेवकाचं काम घरबसल्या करता येतं. त्याला पगार नाही, पण भाडंही नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणाला आणि पीएच.डी.ला आहे, उमेदवारीसाठी तिच्यावर विसंबू नका. आणि संयुक्त राष्ट्रसंघ भरतीसाठी एक पैसा घेत नाही. फी मागणारा एजंट आला तर त्याला वेशीवरूनच परत पाठवा.

आता आपलं काम. शंभर घरांनी महिन्याला वीस रुपये काढले तर वर्षाला चोवीस हजार होतात. त्यात विमान येणार नाही, पण पासपोर्ट, मुंबई-दिल्लीचं जाणं-येणं, एखाद्या महिन्याची खोली नक्की येईल. बिनव्याजी द्यायचं. कमावायला लागल्यावर त्या मुलानं परत करायचं आणि मागच्या पोरांना शिकवायचं. हिशेब दर पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर लिहू.

पहिल्या वर्षाचे आमच्या घरचे दोनशे चाळीस रुपये आम्ही आजच भन्तेजींच्या समोर ठेवतो. पुढच्या वर्धापन दिनी हार कमी घालू, पण कोणाची पोरगी भाड्यापायी घरी बसणार नाही एवढं बघू.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!