खेळाडूचे दुसरे आयुष्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणी विद्यार्थ्यांच्या सत्कारसमारंभात आम्ही एका फुटबॉलपटूचे चरित्र सांगणार, हे ऐकून कित्येक पालकांच्या कपाळी आठ्या पडतील. "खेळून का कोणाचे पोट भरते?" हा प्रश्न आम्ही शाळेत असताना पुष्कळ वेळा ऐकला आहे. त्याचे उत्तर प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांच्या आयुष्यात सापडते.

१९३६ साली जलपायगुडी येथे जन्मलेले बॅनर्जी रेल्वेच्या नोकरीत राहून ईस्टर्न रेल्वे संघाकडून खेळले. मोहन बागान व ईस्ट बंगाल ही मातबर मंडळे कलकत्त्यातच असताना त्यांनी आपला संघ सोडला नाही. आणि १९५८ साली त्याच संघाने कलकत्ता लीग जिंकली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले, त्यातील एक गोल त्यांचा. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. तेही मूळचे शिक्षकच!

पाय थकले तरी विद्या थकत नाही. रहीमसाहेबांचा हा शिष्य पुढे स्वतः गुरू झाला. त्याच्या हाताखालील ईस्ट बंगालने १९७५ साली शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा ५-० असा पराभव केला. नवल असे की, पुढे त्याच मोहन बागानने त्यांना आपल्याकडे बोलाविले. आणि १९७७ साली शील्ड, मुंबईचा रोव्हर्स चषक व ड्युरँड चषक असे तिहेरी यश संपादिले. पेले ज्यात खेळला त्या कॉसमॉस संघाशी त्यांनी त्याच वर्षी २-२ अशी बरोबरी साधली. सामन्यापूर्वी खेळाडूंना चेतविणारे बॅनर्जींचे बोल 'व्होकल टॉनिक' म्हणून प्रसिद्ध होते. २० मार्च २०२० रोजी ते निवर्तले.

बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीत निवृत्त कारागीर, हिशेबनीस, परिचारिका, शिक्षक थोडे नाहीत. परंतु पेन्शन सुरू होताच आपण विद्येचीही कवाडे लावून घेतो, आणि शेजारचा होतकरू मुलगा मार्गदर्शकावाचून अडून राहतो. आठवड्यातून एक सायंकाळ त्याला द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे. पालकांनीही मुलाच्या हातचा चेंडू हिरावून घेऊ नये. नोकरी आणि खेळ ह्यांचे वैर नाही, हे बॅनर्जींनी दाखविले आहे.

मिळविलेली विद्या पुढच्या हाती सोपविणे हेच गुरुऋण फेडणे होय.