स्वीच कुणासाठी सुरू होतो?

(घरातच सुतारकाम चालणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी एका स्वीचबद्दल बोलणार आहे. हसू नका. आपल्या छातीत काय जातं आणि काय जात नाही, हे त्या स्वीचवर अवलंबून आहे.

तुमच्या पडवीत नाहीतर पुढच्या खोलीत कटर, मशीन रंधा, सँडर चालतो. देव्हारे, चौरंग, पाट तयार होतात. कापायचं, रंधायचं काम बहुतेक घरांत पुरुष करतात. पॉलिश पेपरने घासणं, लांबी भरणं आणि शेवटी झाडून काढणं, हे बायकांचं. त्याच खोलीत पोरं अभ्यास करतात, शेजारी भाताचा कुकर असतो.

जाड भुसा डोळ्यांना दिसतो, पण खरा त्रास न दिसणाऱ्या धुळीचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून बारीक कण श्वासाबरोबर छातीत उतरतो. मशीन थांबल्यावरही तो बराच वेळ हवेत तरंगत राहतो आणि कोरड्या झाडूने पुन्हा उठतो. सागवान, शिसव यांच्या धुळीने कुणाला खाज सुटते, कुणाला दमा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. हा कर्करोग मुख्यतः नाकाचा आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा. पदराने नाक झाकून ही धूळ अडत नाही, बायांनो.

आता काही घरांत धूळ ओढणारं मशीन आलं आहे. पण ते कोपऱ्यात बसून असतं. का? एक काप अर्ध्या मिनिटाचा. प्रत्येक वेळी उठून दुसरा स्वीच दाबायचा कंटाळा, शिवाय बिलाची धास्ती. मग आतून आपण ओरडायचं, "अहो, ते मशीन लावा ना!" एकदा ओरडलं तर ऐकतात, दहाव्यांदा आपणच कटकट्या ठरतो.

यावर एक साधा उपाय आहे. कटरच्या वायरवर करंट ओळखणारं छोटं यंत्र बसवता येतं. कटरने वीज ओढली की ते रिलेला इशारा देतं आणि धूळ ओढणारं मशीन आपोआप सुरू होतं. दोन्ही मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर एमसीबी पडू शकते, म्हणून दुसरी एक-दोन सेकंद मागून सुरू करायची. कटर थांबला तरी ती पाच-दहा सेकंद चालू राहायला हवी, म्हणजे पाइपातली धूळही ओढली जाते. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यायचं, अर्थिंग तपासून. म्हणजे मशीन लावायची आठवण कुणी कुणाला करायला नको, आणि गरज नसताना ते चालतही नाही.

पण इथेच थांबू नका. हा स्वीच फक्त विजेवर चालणारं काम ओळखतो. तुम्ही हाताने पाट घासता तेव्हा कुठलाच प्लग लागत नाही. सगळ्यात बारीक धूळ उडते ती घासण्यात, आणि नेमकं त्याच वेळी हे नवं मशीन गप्प बसतं! आपलं काम घरात मोजलं जात नाही, ते या यंत्रालाही दिसत नाही.

म्हणून बसवतानाच सांगायचं की पाइपाचा एक फाटा माझ्या घासायच्या जागेपर्यंत हवा आणि माझ्या हाताशी एक वेगळा स्वीच हवा. जो फाटा वापरात नाही त्याचं झाकण बंद ठेवायचं, म्हणजे ओढ कमी होत नाही.

दुसरं, पिशवीचं. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ परत खोलीत येते, म्हणून फिल्टर चांगला घ्या. त्याच्या आधी भुसा साठवणारा ड्रम लावला तर फिल्टर लवकर तुंबत नाही. तो ड्रम रिकामा कोण करणार? आजवरचा अनुभव बघता तेही आपल्याकडेच येईल. तेव्हा पाळी आधीच ठरवा. जो कुणी रिकामा करेल त्याने एन-९५ मास्क लावायचा आणि काम घराबाहेर करायचं, पण शेजारणीच्या दारात नव्हे. खोलीत कोरडा झाडू बंद, ओलं फडकं फिरवायचं.

कारखान्यात निदान तपासनीस येण्याची शक्यता असते. आपल्या पडवीत कुणी येत नाही. घरी माल बनवून देणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला, त्यात आरोग्य आणि सुरक्षिततेचा विचार आहे. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपण संघटनेतून लावून धरूच.

पण घरातली मागणी उद्यापासून करता येईल. नवं मशीन घेताना पैशाचा हिशेब होतो, तेव्हा त्या हिशेबाला आपण बसलं पाहिजे. आजच्या बैठकीनंतर प्रत्येकीने आपल्या खोलीचा नकाशा कागदावर काढा. कटर कुठे, चूल कुठे, पोरं कुठे, आणि मी घासायला कुठे बसते, ते दाखवा. पुढच्या बैठकीला वायरमनदादांना बोलावू आणि ते नकाशे त्यांच्यापुढे ठेवू.