सतरा सेकंदांची साखळी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला ‘यशाचा प्रवास’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर बोलू शकतील अशी माझ्याहून मोठी माणसं आज समोर बसली आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, त्यात ऐकण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन विषय बदलला. गेली अकरा वर्षं मी फ्लोरिडात एका खेळात सुधारते आहे, आणि तेही अगदी मुंगीच्या पावलांनी. खेळाचं नाव स्लॅलम वॉटर स्कीइंग.

खो-खोतली एकेरी साखळी आठवते ना? बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळत जायचं. तशीच साखळी पाण्यावर. पुढे मोटरबोट सरळ रेषेत जाते. तिला बांधलेली दोरी धरून आपण एकाच स्कीवर मागे. पाण्यात सहा बोये, एक उजवीकडे, एक डावीकडे, प्रत्येक मधल्या रेषेपासून ११.५ मीटर लांब. प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालायचा. प्रवेशाच्या दारापासून पहिला बोया २७ मीटरवर, म्हणजे बरोबर आपल्या खो-खोच्या मैदानाच्या लांबीइतका. सगळा मार्ग २५९ मीटरचा. बायकांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५५ किलोमीटर, पुरुषांसाठी ५८.

स्पर्धेत सहाही बोये झाले की पुढच्या फेरीत वेग ३ किलोमीटरने वाढतो. कमाल वेग गाठला की मग दोरी कापायला लागतात: १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि आणखी खाली. गणिताचे सर इथे आहेत, म्हणून सांगते. दोरी हा कर्ण धरा आणि ११.५ ही एक बाजू. पायथागोरस लावला तर १८.२५ च्या दोरीवर बोयाशी आपण बोटीच्या चौदा मीटर मागे असतो, १४.२५ च्या दोरीवर साडेआठच. आणि ११.२५ ला त्रिकोणच होत नाही! दोरी बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर माणसाने हात लांबवून, अंग पाण्यावर आडवं टाकून भरून काढायचं. जगातल्या उत्तम खेळाडू त्याहीपुढे जातात. रेजिना जॅक्वेस ही विक्रमवीर १०.२५ मीटरच्या दोरीवर चारहून अधिक बोये घेते, आणि व्यवसायाने ती फार्मासिस्ट आहे.

या खेळातली एक गोष्ट मला अजून नवी वाटते. बोया चुकला किंवा तुम्ही पडलात की तुमची पाळी संपते. नाही चुकला तर दोरी आखूड करून पुन्हा पाठवतात. म्हणजे पाळी संपते ती चुकण्यावरच, जगज्जेत्याचीसुद्धा. ओली होऊन काठावर येणाऱ्या बाईला ‘जमलं का?’ असं कोणी विचारत नाही, ‘किती झाले?’ विचारतात. अर्धा, पाव बोयाही मोजतात.

आता सुधारण्याचं. ताशी ५५ च्या वेगाने २५९ मीटर पार करायला सतरा सेकंद लागतात. एका सरावात आठ फेऱ्या, म्हणजे सव्वादोन मिनिटं. वर्षात असे साठ सराव झाले (मला नोकरी सांभाळून तेवढेच जमतात) तर वर्षभराचा सगळा सराव होतो सव्वादोन तास. आपण दहावीच्या सुट्टीत एका दिवसात याहून जास्त वेळ खो-खो खेळायचो. इतक्या थोड्या वेळात शरीराला नवीन काही शिकवायचं, म्हणून वर्षं लागतात. हा हिशेब मी मांडला आणि माझी चिडचिड निम्म्याने कमी झाली.

१४.२५ च्या दोरीवर मी तीन हंगाम दोन बोयांवर अडकले होते. माझ्या प्रशिक्षक बाईंनी तेव्हा आठपैकी सहा फेऱ्या १८.२५ आणि १६ वरच घ्यायला लावल्या, जिथे सहा बोये हमखास होतात. अवघड दोरी फक्त शेवटच्या दोन फेऱ्यांना. आणि प्रत्येक सरावाला एकच गोष्ट. महिनाभर फक्त नजर: बोयाकडे पाहायचं नाही, पलीकडच्या काठाकडे पाहायचं. पुढचा महिना फक्त हँडल: बोटीमागच्या दोन्ही लाटा ओलांडेपर्यंत दोन्ही हात त्यावर आणि हँडल कमरेशी. मग फक्त दार. खरं तर आखूड दोरीवर सगळा खेळ पहिल्या बोयाच्या आधीच ठरतो. दारातून उशिरा निघालात तर तो उशीर सहाव्यापर्यंत वाढतच जातो. साखळीत पहिल्याच वळणाला मागे पडलेली मुलगी आठवा.

बोटीबद्दल बोलले नाही तर माझ्या पेशाला काय अर्थ! स्कीवाला जोरात ओढतो तेव्हा बोट मंदावते, आणि वेग बदलला तर स्पर्धेचा निकाल खोटा. म्हणून आता जीपीएसवर चालणारं वेगनियंत्रण असतं. त्यात ए, बी, सी ही अक्षरं आणि एक ते तीन आकडे असतात: इंजिनने किती लवकर आणि किती जोराने उत्तर द्यायचं ते ठरवायला. नऊ जोड्या. माझी बी-दोन. लोक चहात साखर किती यावर वाद घालतात, आमच्या तळ्यावर या अक्षरांवरून.

पारशिवनीत पाण्याची काय कमी होती? वर तोतलाडोह, इकडे नवेगाव खैरी, नागपूर शहर आपलंच पेंचचं पाणी पितं. पोट्टे कालव्यात उड्या मारायचे. आम्हा पोरींना ताकीद एकच होती: पाण्याकडे जायचं नाही. मी पोहायला शिकले एकतिसाव्या वर्षी, परदेशात, माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर उथळ पाण्यात उभी राहून. पहिले चार आठवडे फक्त तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं, एवढंच. मुलींना पाण्यापासून दूर ठेवलं म्हणून त्या सुरक्षित राहतात हे मला पटत नाही. पाय घसरायला परवानगी लागत नाही. आमच्या बॅचने शाळेच्या समितीला एक अर्ज दिला आहे: नववीच्या मुलींना दर उन्हाळ्यात नागपूरला नेऊन पोहणं शिकवावं, पहिल्या दोन वर्षांचा खर्च आम्ही उचलू. गाडी आणि सोबत जाणाऱ्या दोन बायका, एवढ्यावर अर्ज अडला आहे. आज इथे ट्रॅव्हल्सवाले निदान तिघे दिसतात. जेवणाच्या वेळी मी त्यांना सोडणार नाही.

दोन वर्षांपूर्वी पाचव्या बोयाशी पडून बरगडीला मार लागला. सहा आठवडे कुशीवर झोपता आलं नाही. आईने फोनवर विचारलं, “बाई, आता कायले पायजे हे सारं?” आई आज दुसऱ्या रांगेत आहे, म्हणून उत्तर तिच्यासमोरच देते. आई, मला पदक नको. माझ्या वयोगटात तीन तळ्यांवरच्या बायका माझ्या पुढे आहेत आणि बहुधा राहतील. पण एकतिसाव्या वर्षापर्यंत ज्या पाण्याला मी हात लावला नव्हता, त्यात दर वर्षी माझा अर्धा बोया वाढतो. नोकरीत बढती मिळाली तेव्हा इतका आनंद झाला नव्हता, खरं सांगते.

या हंगामात १४.२५ वर माझी सरासरी ३.२ बोये आहे, गेल्या वर्षी २.५ होती. मी सर्वोत्तम दिवस लिहून ठेवत नाही, सरासरी ठेवते. एखाद्या दिवशी वाराही मदत करतो. चौथा बोया माझ्या अवघड बाजूला येतो. एक पाय पुढे असल्यामुळे दोन्ही वळणं कधीच सारखी नसतात.

दोरी सोबत आणली आहे. प्रत्येक टप्प्याला तिचा रंग वेगळा: १८.२५ लाल, १६ नारिंगी, १४.२५ पिवळा, १३ हिरवा. जेवणानंतर मैदानावर अंथरते. मधली रेषा आखायला फक्की लागेल, तेवढी कोणीतरी क्रीडा खोलीतून आणा.