कामाचा रकाना रिकामा सोडू नका

विठ्ठलवाडीच्या बचतगटाच्या आम्ही सगळ्या तुमच्याशी बोलतोय.

मागच्या बैठकीत बचत गोळा झाली, वही लिहून झाली, आणि आम्ही एक खेळ केला. एकीने जनगणनेच्या बाई व्हायचं आणि बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. घरात माणसं किती? वयं काय? तुम्ही काय काम करता? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेकींचं उत्तर एकच आलं, "काही नाही, घरीच असते."

असं म्हणणाऱ्या एका ताईच्या पुढ्यात जीन्सचा गठ्ठा होता. नगावर पैसे घेऊन ती धागे कापते. दुसरी रोज पापड लाटून देते. तिसरी नुकतीच गावच्या शेतात महिनाभर भातलावणी करून आली होती. आधी आम्ही हसलो, मग गप्प झालो. आपलं काम आपणच पुसून टाकतोय, हे लक्षात आलं.

आपली शिरगणती दर दहा वर्षांनी होते. शेवटची 2011 साली झाली. 2021 ची कोरोनामुळे राहून गेली. आता घरांची यादी 2026 मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये करायचं ठरलं आहे. आमच्या शेजारचं बदलापूर बघा. 2001 ला तिथे सुमारे 98 हजार माणसं होती, 2011 ला 1 लाख 74 हजार झाली. त्यानंतर गाव किती फुगलं ते सकाळच्या लोकलला लटकणाऱ्यांना विचारा. कागदावर मात्र जनगणनेचा आकडा 2011 चाच आहे.

तुम्ही म्हणाल, आकड्याचं आम्हाला काय? बायांनो, आकडा थेट आपल्या ताटापर्यंत येतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचं, हे 2011 च्या शिरगणतीवर ठरलं. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 7 कोटी माणसं आली. त्यानंतर घरात सून आली, नातवंडं झाली, पण राज्याची मर्यादा तीच. अंगणवाडीचंही तसंच. साधारण 400 ते 800 लोकवस्तीमागे एक, असा तिचा हिशेब. वस्ती कमी दिसली तर अंगणवाडी मागायची कशाच्या जोरावर?

हे दुखणं आपलंच नाही. नायजेरिया हा आफ्रिकेतला सर्वांत जास्त लोकसंख्येचा देश. तिथली शेवटची जनगणना 2006 ची. तेव्हा 14 कोटी माणसं मोजली होती. 2023 ला पुन्हा मोजायचं ठरलं, तेही पुढे ढकललं. आज तिथे 20 कोटींहून जास्त लोक आहेत असं सगळे म्हणतात, पण तो अंदाज. एकेका बाईला सरासरी पाचच्या आसपास मुलं होतात. एवढ्या लेकरांना शाळा किती लागतील, लस किती लागेल, हेही अंदाजानेच ठरवायचं. आपल्या महाराष्ट्रात 2019-21 च्या पाहणीत ही सरासरी 1.7 वर आली. म्हणजे आपल्याकडे पुढे म्हातारी माणसं वाढणार. त्यांची सोय करायची तर त्यांची वयंही खरी लिहिली गेली पाहिजेत.

म्हणून आमच्या गटाने चार गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्याही बैठकीत त्या बोला.

पहिली, कामाची. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या 100 बायांपैकी 31 जणीच काम करणाऱ्या म्हणून लिहिल्या गेल्या. खरं तर घरच्या शेतात बिनपैशाने राबणं, घरच्या धंद्याला हातभार लावणं, घरापुरतं दूध काढायला म्हैस पाळणं, हे सगळं तेव्हाही कामात धरलं होतं. नुसती चूल-धुणीभांडी त्यात धरली नव्हती. तेव्हा "घरीच असते" म्हणू नका. वर्षभरात काय काय केलं ते सांगा.

दुसरी, लेकींची. आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे 2001 ला 913 मुली होत्या, 2011 ला 894 राहिल्या. जन्माआधीच मुली गेल्या, त्याचा हा हिशेब आहे. निदान जन्मलेली एकही सुटायला नको. बारसं झालं नसलं, नाव ठेवलं नसलं, तरी बाळ माणूसच आहे. तिला मोजायला सांगा.

तिसरी, बाहेर गेलेल्यांची. फेब्रुवारीत कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर असतात, घराला कुलूप असतं. जिथे मुक्काम असेल तिथे नोंद करून घ्यायला त्यांना आधीच सांगून ठेवा. इकडूनही सुटलं, तिकडूनही सुटलं, असं होऊ देऊ नका.

चौथी, भीतीची. 1948 च्या जनगणना कायद्याप्रमाणे आपण दिलेली माहिती गुप्त राहते. ती कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा खरं सांगायला घाबरू नका. मात्र ओळखपत्र बघूनच उत्तर द्या.

आम्ही तो खेळ परत खेळलो. धागे कापणाऱ्या ताईला पुन्हा विचारलं, काय काम करता? तिने हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "लिहा. जीन्सचं काम करते, बारा महिने."

तुम्हीही असंच लिहायला सांगा. येतो आम्ही. नमस्कार.